आपलंच घोंगडं, मागून आणलेलं

वेळापूरच्या हेमाडपंती देवळामागं जो बोळ आहे, त्यात अंबुबाईचं घर. देवळापुढं सरकारचा निळा फलक आहे आणि त्यावर काय काय करू नये ते लिहिलेलं आहे. अंबुबाईच्या घरापुढं असा फलक नाही, त्यामुळं तिच्या ओट्यावर माणसं वाटेल ते करतात. देऊळ बघायला पुण्याहून आलेली मंडळी उन्हानं कावली की तिथं टेकतात, पाणी मागतात, चपला काढून पाय ताणतात आणि उठता उठता तिच्या दगडी उखळाचा फोटो काढतात. मागं एका बाईंनी विचारलं होतं, "आजी, हे उखळ देता का? आमच्या हॉलमध्ये छान दिसेल."

"न्या की," अंबुबाई म्हणाली. "आन् मी मिरची कशात कुटू, तुमच्या हॉलात?"

आपलं गाव जुनं असल्याचा तिला मनापासून वैताग होता. "देऊळ जुनं म्हणून सगळ्यांचं. बारव जुनी म्हणून सगळ्यांची. आता मी जुनी झाले, तर माझं घरबी सगळ्यांचं झालं," असं ती म्हणे. या तक्रारीत खोटं काही नव्हतं. पेठेत कुणाच्या घरी कार्य निघालं की तांब्याचं घंगाळ अंबुबाईकडून जायचं. मोठी परात तिच्याकडून, पाट तिच्याकडून. कधी परत आणणार म्हणून विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "येईल की." अंबुबाईला भांडता येत होतं, चारचौघांत एखाद्याची सालटी काढता येत होती, पण दारात आलेल्या माणसाला 'देत नाही' एवढे दोन शब्द म्हणता येत नव्हते. ते आयुष्यभरात जमलं नाही.

त्यामुळंच नातीची हळद शनिवारवर आली आणि घोंगडं घरात नव्हतं.

हे घोंगडं साधं नव्हतं. अंबुबाईचा नवरा मायाप्पा मागावर बसायचा. नात ऋतुजा जन्मली त्या हिवाळ्यात त्यानं ते विणलं. लोकर घरच्या मेंढरांची, सूत अंबुबाईनं कातलेलं, चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेलं. माग अरुंद, म्हणून दोन पट्ट्या विणायच्या आणि मधोमध शिवून एक करायच्या, अशी त्यांची रीत. पट्ट्या मायाप्पाच्या, शिवण अंबुबाईची. काळंभोर घोंगडं, दोन्ही काठांना पांढरी रेघ. शिवून झाल्यावर तान्ह्या ऋतुजाला त्यावर टाकून मायाप्पा म्हणाला होता, "हिची हळद ह्याच्यावरच." आता मायाप्पा नव्हता. मागाचा खड्डा मुलानं, बिरुदेवानं, बुजवला होता आणि त्या जागी फ्रीज उभा होता. ऋतुजा सोलापुरात एका दवाखान्यात नर्स होती आणि तिचं लग्न ठरलं होतं.

गुरुवारी सकाळी सुलन, म्हणजे अंबुबाईची सून, मांडवाच्या माणसाला चहा देऊन आत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आत्याबाई, घोंगडं कुटं हाय?"

"हाय की."

"कुटं?"

"भूषणकडं."

"भूषणभाऊजींच्या कंबरंला दिलं त्याला दुसरा उन्हाळा आला. कंबर बरी झाली, मानूस रिटायर झाला. घोंगडं कुटं हाय?"

अंबुबाई उठली. पदर खोचला आणि तडक शेजारच्या घरी गेली.

बुद्धभूषण एसटीत कंडक्टर होता. तीस वर्षं उभं राहून कमरेचं वाटोळं झालं होतं. लोकरीवर झोपलं की कंबर धरते, असं कुणीतरी सांगितलं आणि त्यानं अंबुबाईचं घोंगडं नेलं. माणूस सज्जन. कंबर सोडून त्याच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

"मावशी, ते तर केराबाईनं नेलं," तो पेपर खाली ठेवून म्हणाला.

"कोण केराबाई?"

"तुमच्या माहेरची. माळशिरसला दिलेली. बाजाराला आल्या होत्या, तुमचं दार बंद होतं. आमच्या व्हरांड्यात घोंगडं बघितलं आणि म्हणाल्या, हे आमच्या अंबूचं, मी नेते, पोराचं जागरण आहे. मी काय म्हणणार? तुमच्या माहेरचं माणूस."

"आन् तू मला सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं, त्यांनी सांगितलं असेल."

"आन् मी तुला मधी दोनदा इचारलं तवा काय म्हणलास?"

बुद्धभूषणनं आठवून पाहिलं. "येईल की, म्हणालो."

"गाडी काढ," अंबुबाई म्हणाली.

गाडी म्हणजे त्याच्या मुलीची, धम्मप्रियाची, गुलाबी स्कुटी. ती नोकरीला पुण्याला गेली तेव्हा गाडी मागं ठेवून गेली होती. वैशाखाचं ऊन सकाळीच डोक्यावर आलं होतं. पुढं टोपी घातलेला निवृत्त कंडक्टर आणि मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली, पदर दातांत धरलेली अंबुबाई, अशी ती वरात माळशिरसच्या रस्त्याला लागली. वाटेत प्रत्येक फाट्यावर बुद्धभूषण सवयीनं गावाचं नाव मोठ्यानं घ्यायचा.

"मला उतरायचं न्हाय हितं," अंबुबाई दर वेळी म्हणायची.

केराबाई दारातच भेटली. अंबुबाईला बघून तिला इतका आनंद झाला की तिनं आधी मिठी मारली, मग सरबत केलं, मग चहा टाकला, आणि ऋतुजाच्या लग्नाला कुठली साडी नेसायची हे विचारू लागली.

"साडी राहू दे. घोंगडं दे," अंबुबाई म्हणाली.

केराबाईच्या हातातली बशी थांबली. तिनं बाहेर बघितलं, बुद्धभूषण ओसरीवर वारा घेत बसला होता. तिनं आवाज खाली आणला.

"श्रीपूरला हाय. माझ्या याह्याकडं."

"तिकडं कसं गेलं?"

"जागरण झालं आन् मी आनूनच देणार हुते बघ. तेवढ्यात लेकीचा सासरा, गुरप्पातात्या, आंथरुणाला खिळला. बगायला जायाचं तर मोकळ्या हातानं कसं जायाचं? म्हणलं, म्हाताऱ्याला ऊब हुईल, मग घिऊन यिऊ. पर गाडीतनं उतरतेय तवर लेकीची जाऊ वरडली, 'बगा, केराबाईनं घोंगड्याचा आहेर आनला!' सगळी वस्ती गोळा झाली. आता तितं मी काय म्हणू, आहेर न्हवं, उसनं हाय?"

"व्हय. तसंच म्हणायचं!"

"माझी लेक नांदतीय त्या घरात, अंबू."

चहावर साय धरली होती, ती अंबुबाई बोटानं बाजूला करत राहिली.

"तात्या तर गेलं, मागच्या आखाडात," केराबाई म्हणाली. "तू जा. पोरं चांगली हायत, देत्याल. पर एक कर. ते तुझं हाय असं म्हणू नगंस."

"काय?"

"सासरच्यांना कळलं की माझ्या लेकीच्या आईनं मागून आनलेला आहेर केला, तर पोरीला जलमभर ऐकून घ्यावं लागंल. तुला माझ्या गळ्याची आण हाय."

"म्हंजे माझं घोंगडं मीच मागायचं, आन् माझं न्हाय म्हणून मागायचं?"

"एवढं केलंस तर लई उपकार हुतील बघ," केराबाई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

बाहेर स्कुटीवर बसताना अंबुबाईनं बुद्धभूषणच्या पाठीवर एक जोराची थाप मारली.

"मला का?" तो म्हणाला.

"हाताशी तूच हाईस म्हणून. चल श्रीपूरला."

श्रीपूरच्या अलीकडं, उसाच्या मधोमध ती वस्ती होती. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला होता, धुराडं थंड होतं, आणि कारखान्यात कामाला असलेला थोरला मुलगा रावजी घरीच होता. हाच केराबाईचा जावई. धाकटा जालिंदर शेती बघायचा. घर एकच, पण त्याला आता दोन दारं होती, आणि अंगणाच्या मधोमध एक नवी भिंत उगवली होती. भिंत कमरेएवढीच झाली होती. त्यापुढं ती कुणी चढवायची यावर काम थांबलं होतं. त्यामुळं दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकमेकांचं सगळं ऐकत होते.

केराबाईची लेक पाणी घेऊन आली. तिनं अंबुबाईला ओळखलं. तांब्या पुढं करताना ती एवढी भेदरली होती की निम्मं पाणी अंगणात सांडलं. तिनं अंबुबाईकडं एकदाच बघितलं, आणि ते बघणं अंबुबाईला केराबाईच्या रडण्यापेक्षा जड गेलं. मनात जुळवून आणलेली सगळी कडक वाक्यं तिथंच राहिली.

घोंगडं समोरच होतं. म्हणजे निम्मं होतं. रावजीच्या बाजेवर एक पट्टी अंथरलेली होती, उन्हानं तांबूस झालेली, एकाच काठाला पांढरी रेघ.

"हे निम्मंच कसं?" अंबुबाईनं शक्य तितक्या परकेपणानं विचारलं.

"वाटणी झाली, काकी," रावजी म्हणाला. "समदं निम्मं निम्मं झालं. बैलं इकून टाकली. घोंगड्यापाशी येऊन आडलं. तात्या ह्याच्यावर गेलं, दोघांनाबी पायजे. मग आमच्या मामानं बगितलं, मधी शिवण हाय. म्हणला, ह्याची वाटणी तर इणणारानंच करून ठिवलीय. उसवलं."

ती शिवण अंबुबाईनं दिव्याखाली बसून घातली होती, तान्ही नात मांडीवर घेऊन. दुहेरी टाका होता. उसवायला यांना अर्धा दिवस तरी लागला असेल, असं तिला वाटलं, आणि त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"मी केराबाईच्या माहेरची. माझ्या नातीची हळद हाय शनिवारी," ती म्हणाली. "घोंगड्यावर बसवायची आमची रीत हाय. आमच्या घरात आता घोंगडं न्हाय." हे वाक्य बोलताना तिचे दात एकमेकांवर घासले. "एक दिवसापुरतं द्याल का? दोन्ही पट्ट्या."

"द्यायला काय," रावजी म्हणाला. "पर त्यानं दिलं तर मी देतो. माझं एकट्याचंच गेलं आन् त्याचं घरात ऱ्हायलं, असं नको."

भिंतीपलीकडं जालिंदर म्हशीला पाणी दाखवत होता. तो म्हशीला म्हणाला, "मला कुणी इचारलं तर मी सांगतो. न इचारता काय सांगू?"

भिंत कमरेएवढी होती. तरी अंबुबाईला तिथूनच बोलू दिलं नाही. रीतीनं फाटकातून बाहेर पडून, उसाच्या बांधावरून वळसा घालून जालिंदरच्या फाटकातून आत जावं लागलं. तिथं पुन्हा पाणी, पुन्हा चहा. जालिंदरची पट्टी घडी घालून भिंतीवरच्या तात्यांच्या हार घातलेल्या फोटोखाली ठेवलेली होती, वर हळदकुंकू. ही पट्टी अजून काळीभोर होती.

"मी देतो," जालिंदर म्हणाला. "पर आदी त्यानं द्यावं. त्यो थोरला हाय."

अंबुबाई परत बांधावरून रावजीकडं आली. रावजी म्हणाला, "थोरला हाय म्हणून दर येळंला मीच का?" ती परत जालिंदरकडं गेली. तिसऱ्या फेरीला बांधावर तिची चप्पल तुटली. ती तुटकी चप्पल हातात घेऊन ती भिंतीच्या टोकाशी उभी राहिली, जिथून दोन्ही अंगणं दिसत होती, आणि तिचा आवाज उसाच्या पार पलीकडं गेला.

"आता ऐका दोघंबी! कुणी कुणाच्या हातात द्यायचं न्हाय, कुणी आदी द्यायचं न्हाय, मागनं द्यायचं न्हाय. शनिवारी आपापली पट्टी आपापल्या हातानं घिऊन वेळापूरला यायचं. जेवायचं. हळद झाली की आपापली पट्टी घिऊन जायाचं. आन् यायचं नसंल तर आत्ता सांगा, मी पोरीला पोत्यावर बसवते!"

मग रावजीनं जरा चाचरत विचारलं, "काकी, तात्या ह्याच्यावर गेलं. हळदीला चालंल का तुमाला?"

"लोकरीला विटाळ नसतो, बाबा," अंबुबाई म्हणाली.

बुद्धभूषण इतका वेळ स्कुटीला टेकून उसाकडं बघत होता. तो उसाकडंच बघत म्हणाला, "नशीब काढलं लोकरीनं."

अंबुबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग तुटकी चप्पल पिशवीत टाकली आणि ती गाडीवर बसली. वेळापूर येईपर्यंत त्यानं एकाही फाट्याचं नाव घेतलं नाही, आणि तिनं पदर दातांतून काढला नाही. बोळात उतरल्यावर मात्र ती म्हणाली, "कंबर शेकून घे. लई हिंडवलं तुला." त्यानं मान हलवली.

सुलननं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली पोळी तव्यावर आपटली. "आपलं घोंगडं. सासऱ्यांनी इणलेलं. तुमी शिवलेलं. आन् ते आपण मागून आनायचं, वर त्यांना जेवायला घालायचं?"

"व्हय."

"आन् मी गप बसायचं?"

"व्हय. केराबाईबी येणार हाय. तिच्या म्होरं तर लईच गप."

"कमाल हाय, आत्याबाई. मी असते तर पयल्यांदा कुणाला दिलंच नसतं."

"तू लई शानी," अंबुबाई म्हणाली. तो राग तिला रात्रभर पुरला.

शनिवारी मांडव भरला. केराबाई ठेवणीतली साडी नेसून पुढंच बसली होती. जालिंदर वेळेवर आला, पट्टी बगलेत, पांढऱ्या कापडात बांधलेली. त्यानं ती मांडवात ठेवली आणि तिच्या शेजारीच मांडी घालून बसला, जणू कुणी चोरून नेईल. रावजीचा पत्ता नव्हता. बायकांची गाणी म्हणून झाली, परत तीच सुरू झाली. वाटीतली हळद सुकायला लागली, तिच्यावर सुलननं दोनदा पाणी शिंपडलं.

"आज्जी, मी निम्म्यावर बसते की," ऋतुजा म्हणाली. "नाहीतरी मी बारीक आहे."

"निम्म्यावर कुणी बसत न्हाय."

"मग फरशीवर बसते. घोंगड्यावाचून लग्न अडतं का?"

"अडतं," अंबुबाई म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक निघाला की ऋतुजा जवळ सरकली. नातीनं तिचा हात हातात घेतला आणि दोघी बोळाच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

शेवटी बुद्धभूषण उठून बघायला गेला. देवळाच्या निळ्या फलकाखाली मोटारसायकल लावून, मांडीवर पट्टी घेऊन रावजी बसला होता. चांगला तासभर बसला असावा, तोंड उन्हानं लाल झालं होतं.

"त्यो आलाय का?" त्यानं विचारलं.

"कधीचा."

"मग आता मी गेलो तर म्हणंल, माझ्या मागनं आला."

बुद्धभूषणनं तीस वर्षांत असे प्रवासी पुष्कळ पाहिले होते, एक पाय पायरीवर आणि एक पाय रस्त्यावर ठेवणारे. त्यानं कमरेवर हात ठेवला आणि स्टँडवरच्या आवाजात सांगितलं, "गाडी सुटतीय. बसायचं असेल तर बसा, नाहीतर दार सोडा."

रावजी बसल्याजागचा उठलाच.

दोन्ही पट्ट्या मांडवात शेजारी शेजारी पसरल्या. एक तांबूस, एक काळीभोर. अंबुबाईनं जुन्या डब्यातून लोकरीचा गुंडा काढला, दाभणात ओवला आणि खाली बसली. बिरुदेव म्हणाला, "आये, नुसतं जवळ जवळ ठेवलं तरी चालेल की," त्याला तिनं नुसत्या नजरेनं बाजूला केलं. दोन्ही भाऊ आपापल्या पट्टीच्या कडेला बसून ती शिवताना बघत होते. टाका घातला की ताणायचा, ताणला की अंगठ्यानं दाबायचा. टाके सरळ येत होते.

"काकी, तुमाला शिवण बरी जमती," रावजी म्हणाला.

सुलननं तोंड उघडलं. अंबुबाईनं वर न बघता तिच्या पायाच्या बोटाला दाभणाचं टोक लावलं. सुलननं तोंड मिटलं. केराबाई मांडवाच्या झालरीकडं बघत होती.

ऋतुजा येऊन घोंगड्यावर बसली आणि लगेच हलली. "आज्जी, टोचतंय."

"टोचू दे. तुझ्या आज्ज्या…" अंबुबाई म्हणाली आणि थांबली. भाऊ दोन्ही बाजूंना बसलेच होते. "टोचू दे. लोकर हाय ती. टोचायचीच."

ऋतुजानं घोंगड्यावरून हात फिरवला. काठाची पांढरी रेघ तिच्या बोटाखाली आली. ती वाकून अंबुबाईच्या कानाशी म्हणाली, "आज्ज्याचंच ना?"

अंबुबाईनं हळदीची चार बोटं तिच्या तोंडावरच फासली. "गप," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, पण हळदीच्या दिवशी ते कुणाला वावगं वाटत नाही.

जेवणं झाली. भाऊ पट्ट्या न्यायला आले. घोंगड्यावर मधोमध हळदीचे डाग पडले होते, शिवणीच्या दोन्ही बाजूंना. अंबुबाईनं कात्री आणून घोंगड्यावर ठेवली.

"मी शिवलं. आता मी उसवणार न्हाय. तुमी उसवा."

रावजी जालिंदरच्या डोक्यावरून बुद्धभूषणला म्हणाला, "त्याला उसवू द्या. घाई त्याला हाय."

जालिंदर केराबाईला म्हणाला, "थोरल्यानं उसवावं. मागच्या बारीला मामानं माझ्याच हातात कात्री दिली हुती. अजून सपनात येतंय."

कात्री तिथंच राहिली. एकानं सगळं घोंगडं न्यावं तर दुसऱ्याला सोसणार नव्हतं. शेवटी रावजी म्हणाला, "काकी, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आखाडात तात्याचं वरीस हाय, तवा नेऊ."

"एकट्याला देणार न्हाय," अंबुबाई म्हणाली. "दोघं मिळून आलात तर दिईन."

अशा रीतीनं अंबुबाईचं घोंगडं अंबुबाईकडं सांभाळायला राहिलं. सुलननं ते ट्रंकेत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. "आता बगते, कोण नेतंय ते," ती म्हणाली. बुद्धभूषण दुसऱ्याच आठवड्यात कुंपणाशी येऊन कमरेबद्दल काहीतरी पुटपुटला, तर त्याला तिनं गरम पाण्याची पिशवी आणून दिली. अंबुबाईला पहिल्यांदाच वाटलं, सून मिळाली तर अशी मिळावी.

आषाढ लागला. एके दिवशी सकाळी बोळात मोटारसायकल थांबली. एकाच गाडीवर दोघं भाऊ होते. पुढं रावजी, मागं जालिंदर, मध्ये वीतभर जागा सोडलेली. वाटेत दोघं काही बोलले नसावेत, पण आले होते. अंबुबाईला उगाचच आनंद झाला. "सुलन, किल्ली आण ग," तिनं हाक मारली.

सुलन आली. किल्ली आणली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"किल्ली कशाला, आत्याबाई. ट्रंक उघडीच हाय."

"म्हंजे?"

"पिलीवची ताई आली हुती. तुमी दळणाला गेला हुता. तिच्या सासऱ्याला लई वात झालाय, म्हणली तेवढं घोंगडं दे. आता सख्खी बहीण. दारात उभी. न्हाय कसं म्हणू?"

अंबुबाईनं ओट्याचा खांब धरला. "कदी येतंय?"

"येईल की," सुलन म्हणाली.

अंगणात दोघं भाऊ उभे होते. रावजीनं डोक्यावरची टोपी काढली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तो सरळ भावाकडं बघून बोलला. "तुला तवाच म्हणलं हुतं, परक्याच्या घरी ठिवू नगं."

"मी म्हणलो हुतो ते," जालिंदर म्हणाला.

"कुणीबी म्हणलं आसंल. तात्याची आठवण, आन् ह्यांनी दिली बग कुणाला तरी वापरायला."

"व्हय की. लोकांना दुसऱ्याच्या वस्तूची किंमतच नसती."

"चुकलंच आपलं."

"चुकलंच की."

अंबुबाईनं तोंड उघडलं. मेंढरं, चिंचोके, माग, दोन पट्ट्या, दुहेरी टाका, सगळं जिभेच्या टोकावर आलं. मग तिला तांब्या पुढं करून उभी असलेली केराबाईची लेक दिसली, आणि तिनं तोंड मिटलं. पदर खोचला, नवी चप्पल पायात सरकवली आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली,

"भूषण! गाडी काढ."

"मावशी, माझी कंबर…" आतून आवाज आला.

"कंबर घरी ठेव. पिलीवला जायाचंय."